विश्लेषण : घरात मोडेम नेमका कुठे लावायचा? तार जिथे येते तिथे, की वाय-फाय जिथे लागते तिथे?

नव्या घरात इंटरनेट घेताना सर्वांत महत्त्वाचा निर्णय जेमतेम पाच मिनिटांत उरकला जातो. 'मोडेम कुठे लावू?' असे केबलवाला विचारतो, घरातले टीव्हीकडे बोट दाखवतात, खिडकीच्या चौकटीला भोक पडते आणि काम संपते. त्यानंतरची काही वर्षे बेडरूममध्ये नेट का चालत नाही, यावर घरात वाद होत राहतात.

पनवेलला लागून सिडकोने विकसित केलेल्या करंजाडे परिसरात हा प्रश्न घरोघरी पडू शकतो. एकीकडे लहान भूखंडांवरच्या चार-पाच मजली इमारती, दुसरीकडे नवे उंच गृहप्रकल्प. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. परिसर वाढतो आहे, तशा घरोघरी नव्या जोडण्याही. वर्क फ्रॉम होम, मुलांचे ऑनलाइन क्लास, भरतीचे फॉर्म आणि बँकेचे व्यवहार याच एका डब्यावर चालतात. डबा चुकीच्या जागी असेल तर १०० एमबीपीएसचे पैसे भरून आतल्या खोलीत १० एमबीपीएस मिळू शकतात. मग अनेक जण महागडा प्लॅन घेतात आणि तरीही फरक पडत नाही.

मोडेम कुठे जोडायचा आणि वाय-फाय कुठून सोडायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकच समजल्यामुळे गडबड होते.

मोडेम आणि राउटर यांत फरक काय?

बाहेरून येणाऱ्या तारेतील सिग्नलचे इंटरनेटमध्ये रूपांतर करतो तो मोडेम. ते इंटरनेट घरातल्या मोबाइल, लॅपटॉप, टीव्हीमध्ये वाटून देतो तो राउटर. वाय-फाय राउटरमधून निघते. फायबरच्या जोडणीत मोडेमचे काम करणाऱ्या डब्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. बोलताना मात्र सगळेच त्याला मोडेम म्हणतात.

आज बहुतेक कंपन्या दोन्ही कामे करणारा एकच डबा देतात. सोय म्हणून ते ठीक आहे. पण त्यामुळे तार जिथे संपते तिथूनच वाय-फाय निघते. तारेला घराची कड सोयीची असते, कारण ती बाहेरून येते. वाय-फायला घराचा मध्य सोयीचा असतो, कारण ते चारही बाजूंना पसरते. डबा एकच असेल, तर या दोघांत तडजोड करावी लागते.

तुमच्या घरात कोणती तार आली आहे?

जागा ठरवण्याआधी तार ओळखली पाहिजे. मुख्यतः तीन प्रकार आढळतात.

पहिली कोअॅक्स केबल, म्हणजे टीव्हीच्या केबलसारखी गोल, जाड आणि टोकाला फिरवून बसवायचा धातूचा कनेक्टर असलेली. आत एक तांब्याची किंवा तांब्याचा मुलामा दिलेली तार असते आणि तिच्याभोवती जाळी. या तारेवर चालतो तो खरा केबल मोडेम. त्यासाठीचे 'डॉक्सिस' हे तंत्रमानक मार्च १९९७ मध्ये आले आणि टीव्हीच्या केबलवरूनच इंटरनेट देण्याची वाट मोकळी झाली.

दुसरी ऑप्टिकल फायबर. ही बारीक असते, टोकाला बहुधा हिरवी किंवा निळी प्लास्टिकची क्लिप असते आणि आत केसासारखा काचेचा धागा. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो. अलीकडच्या घरगुती जोडण्यांत हीच जास्त दिसते.

तिसरी लॅन केबल, चौकोनी पारदर्शक क्लिपची. काही स्थानिक केबलचालक इमारतीपर्यंत फायबर आणतात, जिन्यात किंवा गच्चीवर एक स्विच बसवतात आणि तेथून प्रत्येक घरात लॅन केबल सोडतात. अशा घरात मोडेम नसतोच. तार थेट राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या खाचेत जाते.

कोअॅक्स असेल तर मोडेम कोणत्या पॉइंटला जोडायचा?

नियम सोपा आहे. तार घरात शिरल्यावर जो पहिला पॉइंट येतो, तिथे मोडेम जोडायचा. टीव्ही त्यानंतर.

कारण आहे स्प्लिटर. एका तारेच्या दोन तारा करणारा हा लहानसा धातूचा डबा सिग्नलही वाटतो. दोन तोंडांच्या स्प्लिटरमधून प्रत्येक बाजूला निम्म्यापेक्षाही थोडा कमी सिग्नल जातो. तांत्रिक भाषेत ही घट सुमारे ३.५ डेसिबल. असे दोन स्प्लिटर एकामागे एक लागले की ७ डेसिबल, म्हणजे जेमतेम एक पंचमांश सिग्नल उरतो. तीन लागले तर अकरावा हिस्सा. हॉलच्या टीव्हीसाठी एक, बेडरूमच्या टीव्हीसाठी दुसरा आणि त्याच्याही पुढे मोडेम, अशी रांग असेल तर मोडेमपर्यंत फारसे काही पोहोचत नाही.

टीव्हीला कमी सिग्नल बऱ्यापैकी चालून जातो, कारण तो फक्त घेतो. मोडेमला परत पाठवायचेही असते. स्प्लिटरमध्ये ही परतीची वाटही तितकीच क्षीण होते. मग मोडेम जास्त जोर लावतो आणि एका मर्यादेनंतर सारखा बंद-चालू होऊ लागतो. व्हिडिओ कॉलवर 'तुमचा आवाज येत नाही' असे समोरचा म्हणतो, तेव्हा दोष कधी कधी या परतीच्या वाटेत असतो.

म्हणून घरात तार शिरते तिथे दोन तोंडांचा एकच स्प्लिटर लावावा. एक तोंड थेट मोडेमला, दुसरे टीव्हीकडे. पुढे कितीही टीव्ही असोत, त्यांची वाटणी त्या दुसऱ्या बाजूला करावी. स्प्लिटरचे तोंड रिकामे राहत असेल तर त्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे लहानसे झाकण बसवून घ्यावे. उघड्या तोंडातून सिग्नल परावर्तित होऊन गोंधळ करतो.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. जुन्या घरात टीव्हीचे चित्र सुधारण्यासाठी लावलेला बूस्टर वाटेत असेल तर तो काढावा. जुने बूस्टर अनेकदा सिग्नल एकाच दिशेने सोडतात आणि मोडेमची परतीची वाट बंद करतात. दुसरे म्हणजे केबलचा प्रकार. बाहेरच्या आवरणावर 'आरजी-६' छापलेले असावे. 'आरजी-५९' ही जुनी, बारीक केबल इंटरनेटच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त गळते.

मग मोडेम पहिल्या पॉइंटलाच अडकून पडणार का?

नाही. चांगल्या आरजी-६ केबलमध्ये साधारण ३० मीटरला, वरच्या फ्रिक्वेन्सीला, सुमारे ६ डेसिबल घट होते. म्हणजे एक स्प्लिटर जितका सिग्नल खातो, तितकाच १५ ते १७ मीटर केबल खाते. एवढी लांबी वन बीएचके फ्लॅटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज पुरते. 'पहिला पॉइंट' याचा अर्थ वाटेत दुसरे काही नको इतकाच. स्प्लिटरच्या पहिल्या तोंडातून निघालेली अखंड, जोड नसलेली केबल आठ-दहा मीटर आत नेली तरी नुकसान किरकोळ आहे.

वाईट असतात ते जोड. दोन तारांची टोके सोलून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड आज चालतो आणि पहिल्या पावसाळ्यात गंजतो. तार कमी पडली तर जोडण्याऐवजी पूर्ण लांबीची नवी तार मागावी. तिचा खर्च रोजच्या कटकटीपेक्षा कमी असतो.

मोडेमला मिळणारा सिग्नल पाहताही येतो. अनेक केबल मोडेममध्ये ब्राउझरमधून उघडणारे एक माहितीपान असते. पुष्कळ मोडेमवर त्याचा पत्ता १९२.१६८.१००.१ असा असतो. त्यात 'डाउनस्ट्रीम पॉवर' नावाचा आकडा दिसतो. डॉक्सिस मानकानुसार तो उणे १५ ते अधिक १५ डीबीएमव्ही या मर्यादेत चालतो, पण शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मोडेमची जागा बदलण्याआधी आणि नंतर हा आकडा पाहिला तर अंदाजावर विसंबावे लागत नाही.

फायबर असेल तर?

इथे गणित ग्राहकाच्या बाजूचे आहे. काचेच्या धाग्यात एका किलोमीटरला अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी घट होते. घरात आणखी दहा-पंधरा मीटर आत नेल्याने जवळपास काहीच बिघडत नाही. तरीही फायबर खिडकीतून येऊन खिडकीशीच थांबते, कारण भिंतीवरून क्लिपा मारत आत नेण्याला अर्धा तास जास्त लागतो. हा अर्धा तास ग्राहकाने आग्रहाने मागावा.

काळजी घ्यायची ती वाकवण्याची. फायबरला काटकोनात मुडपले की प्रकाश बाहेर सांडतो आणि डब्यावर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागतो. उरलेली तार गुंडाळताना बांगडीपेक्षा लहान वेटोळे करू नये. दाराच्या फटीतून किंवा कपाटाच्या मागून दाबून नेऊ नये. तुटलेल्या टोकात डोकावून तर कधीच पाहू नये. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

जोडणी झाल्यावर केबलवाल्याकडे असलेल्या पॉवर मीटरचे रीडिंग विचारावे आणि लिहून ठेवावे. घरगुती फायबरच्या प्रचलित जीपॉन उपकरणांत उणे ८ ते उणे २७ डीबीएम या पट्ट्यात सिग्नल चालतो. उणे २६ आले तर आज नेट चालेल, पण तार जराशी सैल झाली की बंद पडेल. वर्षभराने तक्रार करताना पहिल्या दिवसाचा आकडा हाताशी असेल तर बोलणे सोपे जाते.

वाय-फाय भिंतीत का अडते?

वाय-फाय म्हणजे रेडिओलहरी. राउटर साधारणपणे दोन पट्ट्यांत काम करतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला पट्टा लांब जातो आणि भिंती तुलनेने सहज ओलांडतो, पण त्याचा वेग कमी आणि त्यात गर्दी जास्त. दुसरा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतो. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की सिग्नल चौपट कमी होतो. भिंतींचा हिशेब त्यावर वेगळा.

प्रत्येक भिंत सारखी नसते. विटांची किंवा हलक्या ब्लॉकची भिंत थोडा सिग्नल खाते. आरसीसीचा कॉलम किंवा भिंत बराच जास्त खाते, कारण आत सळयांची जाळी असते. जुन्या पद्धतीच्या चार-पाच मजली इमारतीत कॉलम आरसीसीचे आणि मधल्या भिंती विटांच्या असतात. 'मायवान' पद्धतीने बांधलेल्या नव्या उंच इमारतींत मात्र खोल्यांमधल्या भिंतीही सळई-काँक्रीटच्या असतात. तिथे खिळा ठोकताना हातोडी उसळते, आणि तीच भिंत वाय-फायही अडवते. म्हणून तेवढ्याच आकाराच्या दोन फ्लॅटमध्ये तोच राउटर वेगवेगळा चालतो.

भिंतींशिवाय घरातही शत्रू आहेत. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, ॲल्युमिनियमचे शटर आणि धातूची जाळी लहरी परतवतात. पाणी त्या शोषते, म्हणून माळ्यावरची टाकी किंवा फिश टँक आड आला की सिग्नल खाली येतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो. तो सुरू असताना किचनजवळच्या फोनवर व्हिडिओ अडखळला तर नवल नाही.

शेजाऱ्यांचाही वाटा असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार फ्लॅट आणि पाच मजले, म्हणजे वीस राउटर या तीन वाहिन्यांत दाटीवाटीने बोलत असतात. म्हणून जवळच्या खोलीत फोन ५ गिगाहर्ट्झवर ठेवणे फायद्याचे.

वन बीएचकेमध्ये नेमकी जागा कोणती?

अशा फ्लॅटची नेहमीची रचना पाहू. मुख्य दारातून हॉल, हॉलला लागून किचन, मग छोटा पॅसेज, त्याच्या एका बाजूला बाथरूम-टॉयलेट आणि शेवटी बेडरूम. केबल हॉलच्या खिडकीतून येते आणि टीव्हीच्या मागे संपते. ही जागा वाय-फायसाठी बहुधा सर्वांत वाईट. घराच्या एका टोकाला, टीव्हीच्या आड, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. बेडरूमपर्यंत जाताना बाथरूमच्या दोन भिंती, टाइल्स आणि पाण्याचे पाइप आडवे येतात.

चांगली जागा शोधण्याची एक सोपी खूण आहे. घरात अशा ठिकाणी उभे राहा, जिथून सर्वांत जास्त खोल्यांची दारे दिसतात. बहुतेक घरांत ती जागा हॉल आणि पॅसेजच्या तोंडाशी असते. लाकडी दारातून लहरी सहज जातात, उघड्या दारातून तर त्याहून सहज. या ठिकाणी भिंतीवर पाच-सहा फूट उंचीवर राउटर बसवला की हॉल, किचन आणि बेडरूम तिघांनाही तो जवळपास समोरासमोर दिसतो.

राउटरला बाहेरचे अँटेना असतील तर ते उभे ठेवावेत. उभ्या अँटेनातून सिग्नल आडवा, चारही बाजूंना पसरतो. अँटेना आडवा पाडला की त्यातला मोठा हिस्सा वरच्या आणि खालच्या मजल्याकडे जातो.

टाळायच्या जागाही ठरलेल्या आहेत. चपलांचे कपाट, लोखंडी कपाटाचा आतला कप्पा, फ्रिजचा माथा, विजेच्या मुख्य बोर्डाची पेटी, गॅसच्या शेगडीची बाजू, देवघरातील समईशेजारचा कोनाडा आणि बाल्कनी. डबा झाकून ठेवू नये. तो तापतो आणि तापला की मंदावतो. वर शोभेचे कापड घालण्याची सवय इथे महागात पडते.

बेडरूममध्ये राउटर चालतो का?

काही घरांत किरणोत्साराच्या भीतीने डबा मुद्दाम दूर ठेवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना '२बी' गटात टाकले. याचा अर्थ शक्यता नाकारलेली नाही, पण पुरावा मर्यादित आहे. घरगुती राउटर साधारण एक दशांश वॉट शक्तीने लहरी सोडतो आणि अंतराबरोबर त्या झपाट्याने क्षीण होतात. ज्यांना चिंता वाटते त्यांनी उशीपासून दोन-तीन मीटर अंतर ठेवावे. त्यासाठी डबा घराबाहेर किंवा खिडकीत नेण्याची गरज नाही.

तार हॉलमध्येच संपत असेल तर?

अशा वेळी तार लांबवावी, हवेवर भार टाकू नये. हवेतून एक आरसीसी भिंत ओलांडण्यापेक्षा तारेने दहा मीटर जाणे कितीतरी स्वस्त आहे.

पहिला उपाय म्हणजे मोडेम तारेजवळ ठेवायचा आणि राउटर वेगळा घेऊन लॅन केबलने पॅसेजपर्यंत आणायचा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि 'कॅट ५ई' दर्जाची साधी केबलही एक गिगाबिट वेग देऊ शकते. ती दाराच्या चौकटीवरून, प्लास्टिकच्या पट्टीतून नेता येते. विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र नेऊ नये. सुरक्षेच्या दृष्टीने ते चुकीचे आहे आणि सिग्नललाही त्रास होतो.

दुसरा उपाय जुन्या राउटरचा. कपाटात पडलेला राउटर लॅन केबलने जोडून बेडरूममध्ये ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो. त्यासाठी त्याचे 'डीएचसीपी' बंद करावे लागते, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्यावा लागतो आणि तार त्याच्या 'लॅन' खाचेत लावावी लागते, 'वॅन'मध्ये नव्हे.

तिसरा रिपीटरचा. हा स्वस्त असतो, पण एकाच वाहिनीवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करत असल्याने वेग जवळपास निम्मा होतो. बहुतेक जण तो जिथे सिग्नल नाही तिथे लावतात. त्यालाच काही ऐकू आले नाही, तर तो पुढे काय सांगणार? रिपीटर अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे हवा. मोठ्या टू-थ्री बीएचके घरात मेश संच उपयोगी पडतो. त्याची युनिट्सही शक्यतो लॅन केबलने जोडावीत.

पावसाळ्यात कोणती काळजी?

कोकणपट्टीतला पाऊस तारेवरून घरात शिरतो. गच्चीवरून खाली आलेली केबल थेट भोकात गेली की पाणी तिच्या अंगावरून वाहत स्विचबोर्डापर्यंत पोहोचते. उपाय जुना आणि फुकटचा आहे. भोकात शिरण्याआधी केबलला खाली झोका द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच टपकते. भोकही बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे आणि सिलिकॉनने बुजवावे. बाहेर उघडा राहिलेला कोअॅक्स कनेक्टर पाणी आत शोषून घेतो आणि पावसात नेट जाण्याचे ते नेहमीचे कारण असते.

विजांच्या गडगडाटात कोअॅक्स आणि लॅन या धातूच्या तारांमधून दाब येऊन मोडेम जळू शकतो. तेव्हा फक्त प्लग काढणे पुरेसे नाही, तारही काढावी. ती वादळ येण्याआधी काढावी, विजा डोक्यावर आल्यावर हात लावू नये. फायबरमधून वीज येत नाही, पण काही फायबर केबलमध्ये आधारासाठी लोखंडी तार असते. ती बाहेरच कापून घ्यावी, घरात आणू नये.

लाइट गेल्यावर नेट चालू ठेवण्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना मोडेमच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट तंतोतंत जुळवावेत आणि यूपीएसची अँपिअर क्षमता त्याहून कमी नसावी. फायबरच्या वाटेतले प्रकाश विभागणारे स्प्लिटर विजेशिवाय चालतात, त्यामुळे केबलचालकाकडे बॅकअप असेल तर नेट सुरू राहते. जिन्यातल्या स्विचवरून लॅन आलेली असेल, तर इमारतीचा लाइट गेल्यावर तो स्विचही बंद पडतो आणि घरातल्या यूपीएसचा उपयोग होत नाही.

दोष जागेचा की कंपनीचा, कसे ओळखायचे?

तीन चाचण्या पुरेशा आहेत. पहिली, लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला जोडून वेग मोजा. दुसरी, मोडेमपासून दोन मीटरवर फोनच्या वाय-फायवर. तिसरी, बेडरूममध्ये दार लावून. शक्यतो रात्री ९ ते ११ या गर्दीच्या वेळीही एकदा मोजावे.

तारेवरच वेग कमी आला तर दोष कंपनीकडे किंवा बाहेरच्या तारेत. तारेवर पूर्ण आणि बेडरूममध्ये कमी आला तर दोष जागेचा. दुसऱ्या स्थितीत मोठा प्लॅन घेणे म्हणजे नळाला तोटी चोंदलेली असताना टाकी मोठी करणे. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मोफत ॲपमध्ये उणे ५० डीबीएम म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो आणि उणे ८० च्या पुढे काही खरे नाही.

वेगाचे एककही नीट वाचावे. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजेच १२.५ मेगाबाइट. एक जीबीची फाइल उतरायला सुमारे ८० सेकंद लागणे हे बरोबर आहे, फसवणूक नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ एमबीपीएस केली. त्या आधी ती ५१२ केबीपीएस होती.

दोष कंपनीचा ठरला तर आधी तिच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्यावा. त्यावर समाधान झाले नाही तर ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. लॅनवरच्या चाचणीचे तारीख-वेळ असलेले स्क्रीनशॉट सोबत ठेवावेत. 'तुमच्या भिंती जाड आहेत' हे उत्तर तिथे चालत नाही.

भाडेकरू आणि नवे घर घेणाऱ्यांनी काय पाहावे?

भाड्याच्या घरात भोक पाडण्याआधी घरमालकाची लेखी, निदान व्हॉट्सॲपवर तरी परवानगी घ्यावी. भोक टाळायचे असेल तर जुन्या एसीचे किंवा टीव्हीच्या केबलचे भोक वापरता येते. सोसायटीत डक्टमधून तार आणायची की गच्चीवरून, हे समितीला विचारून ठरवावे.

नवे घर बुक करताना संधी मोठी असते. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार स्टार रेटिंग देण्याचे नियम काढले. फ्लॅट पाहताना बिल्डरला तीन प्रश्न विचारता येतील. इंटरनेटची तार घरात कुठून येणार? तिथून पॅसेजपर्यंत रिकामा पाइप टाकला आहे का? आणि त्या दोन्ही ठिकाणी प्लग पॉइंट आहे का? प्लास्टर होण्याआधी हे काम किरकोळ असते. नंतर त्यासाठी भिंत फोडावी लागते.

केबलवाला येण्याआधी काय ठरवून ठेवावे?

– सर्वाधिक दारे दिसणारी जागा शोधा, तिथे प्लग पॉइंट आहे का पाहा.
– बाहेरून तार कुठून येणार ते ठरवा आणि तेथपर्यंतची लांबी टेपने मोजून फोनवरच सांगा, म्हणजे तो पुरेशी केबल घेऊन येईल.
– कोअॅक्स असेल तर मोडेम पहिल्या स्प्लिटरवर, वाटेत जोड नको.
– फायबर असेल तर आतपर्यंत आणून घ्या, मुडपू देऊ नका.
– भोकाआधी केबलला खाली झोका आणि भोक बुजवणे विसरू नका.
– तो जाण्याआधी सिग्नलचे रीडिंग लिहून घ्या आणि बेडरूममध्ये दार लावून एकदा व्हिडिओ कॉल करून पाहा.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शिडी आणि ड्रिल घरात असतानाच जागा बदलणे सोपे असते. केबलवाला निघून गेला की पुन्हा त्याला बोलावण्यासाठी फोन करावे लागतात, आणि तोपर्यंत टीव्हीमागची ती जागा कायमची होऊन बसते.